राखण आणि त्याग

‘राखणे’ या साध्या मराठी क्रियापदाचा विचार करू लागले म्हणजे त्याच्या पोटात किती निरनिराळे व्यवहार सामावले आहेत हे पाहून कौतुक वाटते. गुराखी गुरे राखतो, शेतकरी माळ्यावर बसून जोंधळा राखतो, कुलीन मनुष्य शब्द राखतो, चतुर मनुष्य अंतर राखतो आणि सरकार जंगल राखते. या सर्व ठिकाणी राखणारा व राखली जाणारी वस्तू ही दोन तर उघडच असतात. परंतु बारकाईने पाहिल्यास प्रत्येक राखणीत एक तिसराही असतो. जोंधळा पाखरांपासून राखावयाचा असतो, गुरे वाघापासून आणि शब्द स्वतःच्या मोहापासून. हा तिसरा कोण, हे विचारल्यावाचून राखणीची खरी किंमत कळत नाही. पाखरू उपाशी राहिले तर शेतकऱ्याला त्याचे सुतक नसते, आणि ते नसावे हे रास्तच आहे. परंतु हा तिसरा पाखरू नसून माणूस असला म्हणजे प्रश्नाचे स्वरूप पालटते. मोलाच्या वस्तूचे जतन करावयाचे तर कोणीतरी तिच्या उपभोगाला मुकलेच पाहिजे. मग मुकावे कोणी? हा नीतीचा प्रश्न आहे, आणि तो ग्रंथांच्या बाबतीत जितका खरा तितकाच अरण्याच्या बाबतीतही खरा आहे.

हा विचार मनात येण्यास एक निमित्त घडले. ठाणे, कल्याण व डोंबिवली या गावांतील पुष्कळ घरांप्रमाणे आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचाही मुलगा अमेरिकेत असतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर हे गृहस्थ सपत्नीक त्याच्याकडे बोस्टनला जाऊन आले. मुलाने चार दिवसांची रजा काढून आईवडिलांना मोटारीतून हिंडवले. प्रथम त्या शहरातील अध्यक्ष केनेडी यांचे ग्रंथालय दाखविले आणि मग समुद्रकिनाऱ्याने उत्तरेस सुमारे साडेचारशे किलोमीटर जाऊन अकेडिया नावाचे राष्ट्रीय उद्यान. परत आल्यावर ते गृहस्थ भेटावयास आले, तेव्हा त्यांच्या वर्णनाला खंड नव्हता. काचेचे ते उंच दालन, त्यातून दिसणारा समुद्र, अध्यक्षांचे हस्ताक्षर; नंतर गुलाबी पाषाणाचे डोंगर, आणि ज्या रस्त्यांवर मोटारीला मज्जाव आहे असे घोडागाड्यांचे जुने रस्ते. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी एक सुस्कारा सोडला व म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, आपल्या लोकांत असे काही राखून ठेवण्याची वृत्तीच नाही.”

हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की त्याची शहानिशा करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. त्याचे दोन भाग आहेत. अमेरिकन मनुष्याच्या ठिकाणी ही वृत्ती उपजत असते, हा एक. आणि आपल्या ठिकाणी ती मुळीच नसते, हा दुसरा. माझ्या मते दोन्ही तपासून पाहण्याजोगे आहेत.

पहिल्याविषयी इतिहास काय सांगतो? अमेरिकेत पहिली दीडशे वर्षे अध्यक्षांची कागदपत्रे ही त्यांची खाजगी मालमत्ता समजली जात असे. अधिकार सोडताना अध्यक्ष ती गाड्यांत भरून घरी नेत; पुढे वारसांनी ती ठेवली तर ठेवली, विकली तर विकली, जाळली तर जाळली. लिंकनसारख्या पुरुषाची कागदपत्रे त्याच्या मुलाने राष्ट्रीय ग्रंथालयास दिली खरी, पण आपल्या मृत्यूनंतर २१ वर्षे ती कोणी उघडू नयेत या अटीवर. म्हणून ती लोकांस खुली होण्यास १९४७ सालचा जुलै महिना उजाडावा लागला. तोवर लिंकनच्या हत्येस ८२ वर्षे होऊन गेली होती! फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी हाइड पार्क येथील आपल्या घराच्या आवारात ग्रंथालय बांधवून घेऊन आपले कागद राष्ट्राच्या स्वाधीन केले, ते १९४१ साली खुले झाले. अध्यक्षीय ग्रंथालयाची प्रथा खऱ्या अर्थाने तेथून सुरू होते. १९५५ साली या प्रथेस कायद्याचा आधार मिळाला. तरीही कागद देणे न देणे हे अध्यक्षाच्या मर्जीवरच होते. निक्सन यांनी आपल्या ध्वनिफिती व कागद स्वतःच्या ताब्यात ठेवू पाहिले, तेव्हा कोठे लोकांचे डोळे उघडले, आणि १९७८ च्या कायद्याने अध्यक्षाचे कागद ही राष्ट्राची मालमत्ता ठरली. म्हणजे वृत्ती उपजत नव्हती; एका अध्यक्षाच्या औदार्याने ती जन्मली, दुसऱ्याच्या अप्रामाणिकपणाने ती कायद्यात उतरली. आमच्या मित्रांनी जे काचेचे दालन पाहिले, ते आरंभी हार्वर्ड विद्यापीठाशेजारी केंब्रिज येथे व्हावयाचे होते. आपल्या शांत गल्ल्यांत प्रेक्षकांच्या मोटारींची गर्दी होईल म्हणून तेथील रहिवाशांनी विरोध केला, आणि अखेर जेथे पूर्वी शहराचा कचरा टाकीत त्या भागात, समुद्रकाठी, ते १९७९ साली उभे राहिले. थोर पुरुषाचे स्मारक असावे, पण आपल्या दारापुढे नसावे, हा मनुष्यस्वभाव अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर सारखाच दिसतो.

राष्ट्रीय उद्यानांची कथा अधिक बोधप्रद आहे. १८७२ साली यलोस्टोनचा प्रदेश राष्ट्राच्या नावे राखून ठेवण्यात आला, आणि जगातील राष्ट्रीय उद्यानांचा वंश त्याच्यापासून सुरू होतो असे सांगतात. पण त्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी शोशोनी लोकांची एक शाखा होती. तिला काही वर्षांतच तेथून हुसकावून लावण्यात आले, आणि मग प्रवाशांस असे सांगितले जाऊ लागले की हे अरण्य मनुष्याच्या पावलाने कधी विटाळलेच नव्हते. आधी माणूस काढावयाचा आणि नंतर तो नव्हताच असे म्हणावयाचे! उलट अकेडियाचा इतिहास पाहा. तेथील जमीन सरकारने बळकावली नाही; श्रीमंत लोकांनी स्वतःच्या पैशाने विकत घेऊन ती राष्ट्रास अर्पण केली. जॉर्ज डॉर नावाच्या अविवाहित गृहस्थाने या एका ध्यासापायी वडिलोपार्जित संपत्तीचा बहुतेक भाग खर्चून टाकला. १९१६ पासून त्या भूमीचा पहिला राखणदारही तोच. रॉकफेलर यांनी हजारो एकर जमीन दिली व घोडागाड्यांचे ते रस्ते पदरच्या पैशाने बांधले. या किनाऱ्यावर मूळचे वाबानाकी लोक राहत, त्यांचा हक्क कोणी कधी विचारात घेतला होता असे म्हणता येत नाही, म्हणून हे चित्र अगदी निष्कलंक आहे असे नाही. तरीपण एक फरक ठळक आहे. यलोस्टोनमध्ये राखणाऱ्याने दुसऱ्याला मुकावयास लावले. अकेडियात राखणारा निदान काही अंशी स्वतः मुकला.

हा फरक मनाशी धरून आपल्याकडे वळू. मित्रांच्या त्या वाक्याचे उत्तर वादाने देण्यापेक्षा डोळ्यांनी द्यावे असे वाटून मी त्यांना म्हटले, की तुमच्या मुलाने तुम्हांस जे दोन प्रकार चार दिवसांत दाखविले ते मी एका दिवसात दाखवितो. त्याप्रमाणे पौषातल्या एका सकाळी त्यांच्याच मोटारीतून आम्ही उभयतां व त्यांची बारा वर्षांची नात असे ठाण्याहून निघालो. प्रथम दादर, तेथून बोरिवली आणि घोडबंदरच्या रस्त्याने वळसा घेऊन परत ठाणे, असा बेत होता. अंतराच्या मानाने वेळ अधिक लागला, पण मुंबईच्या रस्त्यांविषयी लिहून वाचकांस त्रास देण्याचा माझा हेतू नाही.

आपल्याकडे राष्ट्रपतीच्या नावे ग्रंथालय उभारावे असा कायदा नाही. परंतु ग्रंथांसाठी घर बांधणारा राष्ट्रपुरुष पाहावयाचा असेल तर त्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ पुरेसे आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३० नंतरच्या काळात ही वास्तू बांधविली, ती मुख्यत्वे आपल्या पुस्तकांना जागा हवी म्हणून. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव तिला दिले. या पुस्तकांची कथा ज्याला ठाऊक नाही असा सुशिक्षित महाराष्ट्रीय थोडाच असेल. पण ती येथे सांगणे भाग आहे, कारण राखणे या शब्दाचा एक अर्थ तिच्यात फार उज्ज्वलपणे प्रकट झाला आहे. न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थी असताना या तरुणाने जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जवळजवळ दोन हजार ग्रंथ जमविले, तेही शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या रकमेत आणि पोटाला चिमटा घेऊन. १९१७ साली परत येताना पुस्तकांच्या पेट्या निराळ्या बोटीने पाठविल्या, आणि महायुद्धाच्या त्या दिवसांत जर्मन पाणबुडीने ती बोट बुडविली. दुसरा एखादा खचला असता. आंबेडकरांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला, आणि पुढे हजारो ग्रंथांनी ते घर भरून टाकले. ज्या समाजाला अक्षराचा स्पर्श शेकडो वर्षे नाकारला होता, त्यातल्या माणसाने घर बांधले ते आधी पुस्तकांसाठी. यापेक्षा अधिक बोलके स्मारक कोणत्याही शिल्पशास्त्र्याला कल्पिता येणार नाही.

तळमजल्यावर त्यांच्या वापरातल्या वस्तू व छायाचित्रे मांडली आहेत. लोक शांतपणे येतात, हात जोडतात, जातात. आमच्याबरोबरच्या मुलीने सर्व पाहून झाल्यावर विचारले, “आजोबा, पण त्यांची पुस्तके कोण वाचतं?” आजोबांनी माझ्याकडे पाहिले.

प्रश्न मुलीचा असला तरी मूलग्राही होता. त्या ग्रंथांपैकी पुष्कळसे आंबेडकरांनीच उभारलेल्या शिक्षणसंस्थेच्या सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेले, म्हणजे विद्यार्थ्यांच्या दृष्टीसमोर राहिले, हे उत्तम झाले. परंतु त्यांच्या स्वतःच्या अप्रकाशित लेखनाची गोष्ट निराळी. १९५६ च्या ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांच्या हस्तलिखितांच्या पेट्या कुलुपात होत्या. त्या सुरक्षित होत्या, यात संशय नाही. कागद फाटले नाहीत, विकले गेले नाहीत. पण त्या वर्षांत त्या राखल्या जात होत्या असे म्हणावे काय? महाराष्ट्र सरकारने १९७६ साली समिती नेमली, वसंत मून यांच्यासारखा निष्ठावंत संपादक लाभला, आणि १९७९ साली पहिला खंड निघाला. त्यानंतर एकामागून एक खंड निघत गेले. कुलूप घालणाऱ्यांनी कागद राखला. मून यांनी जे राखले ते कागदाहून वेगळे होते. आणि माझी अशी समजूत आहे की त्यांच्याइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, ते राखण्याचे श्रेय दर ६ डिसेंबरला दादरला जमणाऱ्या त्या लक्षावधी लोकांकडे जाते. रात्रभर प्रवास करून, फाटक्या पिशवीत भाकरी बांधून ते येतात, चैत्यभूमीवर डोके टेकवितात आणि शिवाजी उद्यानातल्या दुकानांतून पुस्तके विकत घेऊन परत जातात. आपल्या सुखवस्तू घरांतील किती मंडळी तीर्थयात्रेहून पुस्तक घेऊन येतात, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

आपल्या पूर्वजांनी मनुष्य जन्मतःच ऋणी असतो असे मानले. देव, ऋषी व पितर यांची तीन ऋणे सर्वांस परिचित आहेत. यज्ञाने देवांचे, संततीने पितरांचे आणि अध्ययनाने ऋषींचे ऋण फिटते. या मांडणीतील मर्म असे की ऋषीचे ऋण त्याची मूर्ती स्थापून किंवा त्याच्या पादुका पेटीत ठेवून फिटत नाही. त्याने जे सांगितले ते अभ्यासिले तरच फिटते. काचेच्या दालनांची मला तुच्छता नाही. हस्ताक्षर पाहून तरुण मनाला जो रोमांच होतो तोही अभ्यासाचा आरंभ असू शकतो. पण अभ्यास झाला नाही तर उत्तमोत्तम ग्रंथालयही ऋणाच्या व्याजाखेरीज काही फेडीत नाही. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले, ‘महाराष्ट्र सारस्वता’चे कर्ते विनायक लक्ष्मण भावे हे त्याच्या संस्थापकांत होते, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चे. हाइड पार्कच्या ग्रंथालयाहून एक अर्धशतकाने वडील आणि दुसरे त्याहूनही जुने! आपल्यात राखण्याची वृत्ती नाही म्हणणाऱ्यांनी या संस्थांची वर्गणी भरली आहे की नाही, एवढे मात्र पाहून घ्यावे. आमच्या मित्रांना मी हे मोटारीतच विचारले, आणि त्यांनी विषय बदलला.

ग्रंथाच्या बाबतीत प्रश्न तुलनेने सोपा आहे, कारण एकाने वाचल्याने दुसऱ्याचे काही उणे होत नाही. अरण्याचे तसे नाही. तेथे एकाचे सरपण ते दुसऱ्याची सावली. तेथे राखणे म्हणजे कोणालातरी नाही म्हणणे आलेच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारात शिरताना हाच विचार माझ्या मनात होता.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे अरण्य मुंबई व ठाणे यांच्या मधोमध पडले आहे. पूर्वेस येऊरचे डोंगर ठाण्याकडे उतरतात, पश्चिमेस बोरिवलीची वस्ती थेट कुंपणाला भिडते. एवढ्या मोठ्या नगरीच्या पोटात बिबळ्या मोकळा हिंडत असल्याचे उदाहरण जगात विरळा. हे रान टिकले ते मात्र कोणाच्या निसर्गप्रेमामुळे असे समजू नये. १८६० साली विहार व १८७९ साली तुळशी हे तलाव मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी पुरे झाले, आणि तलावात गाळ व घाण येऊ नये म्हणून भोवतालचे डोंगर राखणे भाग पडले. शहराच्या तहानेने रान वाचविले. पुढे त्याला उद्यानाचा दर्जा मिळाला. कान्हेरीच्या प्राचीन नावावरून त्यास कृष्णगिरी म्हणत, आणि १९८० नंतर संजय गांधींचे नाव देण्यात आले. टेकडीवर महात्माजींचेही एक स्मारक आहे. डोंगराला माणसाचे नाव देण्याची ही हौस मला नेहमीच थोडी चमत्कारिक वाटत आली आहे. ज्याला त्या नावाची गरज नाही अशी एकच वस्तू तेथे असते आणि ती म्हणजे डोंगर.

या रानात माणसे राहतात. वारली व इतर आदिवासींचे पाडे उद्यानाच्या हद्दीत आजही आहेत. उद्यान झाले ते पाडे असताना. पाडे उद्यानात आले नाहीत, उद्यान पाड्यांवर आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानात गुरे चारणे निषिद्ध ठरले व रहिवाशांचे बहुतेक हक्क संपुष्टात आले. १९९५ साली एक पर्यावरणवादी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली, १९९७ साली न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, आणि पुढच्या काही वर्षांत हजारो झोपड्या जमीनदोस्त झाल्या. त्या झोपड्यांत शहरातून हुसकलेले मजूर होते, तसेच ज्यांच्या आजोबांची थडगी त्याच रानात आहेत असे लोकही त्या आदेशाच्या टाचेखाली आले. २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा करून आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे मान्य केले. परंतु कागदावरचा हक्क पाड्यावर पोहोचण्यास जो वेळ लागतो तो या देशात सर्वांच्या परिचयाचा आहे. काही पाड्यांना दिव्यासाठी व नळासाठी वर्षानुवर्षे तिष्ठावे लागले, आणि तेही अशा अरण्यात की ज्यातल्या तलावांचे पाणी नळातून मुंबईला जाते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कायदा कडक नसता, चौकीवर पहारा नसता, न्यायालयाने हात आखडता घेतला असता, तर आज या रानाचे काय झाले असते? ठाण्यातील माझ्या वयाच्या मनुष्यास कल्पनेला ताण देण्याची गरज नाही. घोडबंदरच्या रस्त्याच्या दोहो बाजूंस शेते व झाडी होती ती आम्ही पाहिलेली आहेत, आणि आता तेथे जे उभे आहे तेही रोज पाहतो. कुंपण नसते तर ते मनोरे डोंगर चढून पलीकडे बोरिवलीस उतरले असते. म्हणून जे म्हणतात की जंगल केवळ प्रेमाने राखावे, सक्ती नको, त्यांच्या सद्‌भावनेविषयी आदर ठेवूनही मला असे म्हणावे लागते की त्यांनी जमिनीचा भाव विचारलेला नाही. सक्ती हवी. निक्सनसारख्याकडून कागद जसे कायद्यानेच घ्यावे लागतात, तसे बिल्डराकडून रानही कायद्यानेच घ्यावे लागते.

पण सक्ती कोणावर? खरे भय ज्याचे होते त्याला कुंपणाबाहेर थोपविले, हे ठीक. मात्र कुंपणाच्या आत जो आधीपासून होता, ज्याच्या कोयत्याने शेकडो वर्षांत रान संपले नाही, त्याच्या हातातला कोयताही त्याच कलमाने काढून घेतला. कायद्याला दोघे सारखेच दिसले. आणि हिशेब मांडला तर काय आढळते? २००४ साली बिबळ्यांनी माणसांवर जे हल्ले केले त्यांचे बळी मुख्यत्वे रानाच्या कडेच्या झोपड्यांतले व पाड्यांवरचे लोक होते. बाविसाव्या मजल्यावर बिबळ्या चढत नाही. त्याच बाविसाव्या मजल्यावरच्या खिडकीतून रान दिसते म्हणून त्या घराला भाव मात्र अधिक येतो, आणि तसे जाहिरातीत ठळक छापलेलेही असते. म्हणजे जो मुकला तो वारली, आणि ज्याला मिळाले तो आमच्यासारखा पगारदार. या व्यवहाराला जतन म्हणावयाचे तर म्हणावे, परंतु त्यात आपण काही त्याग केला अशी ऐट कोणी मिरवू नये.

पूर्वीच्या लोकांना अरण्य राखण्याची एक रीत ठाऊक होती. सह्याद्रीच्या गावोगावी देवराया होत्या, काही अजून आहेत. देवाच्या नावाने सोडलेल्या रानातली वाळकी काडीदेखील कोणी उचलावयाची नाही. यात भोळेपणा आहे, भय आहे, हे सर्व कबूल. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या गावाने राई राखली, त्याच गावाने तिच्या सरपणावर पाणी सोडले. राखणारा आणि मुकणारा एकच होता. शेजारच्या गावाची चूल विझवून आपल्या देवाला झाडी अर्पण करावी असे कोणाला सुचले नाही. आणि ज्या वारल्यांना आपण वन्यजीवांचे शत्रू समजतो ते वाघोबाला देव मानून पूजितात; बिबळ्याशी शेजार कसा करावा याचे जे शिक्षण अलीकडे आपण पत्रके वाटून शहराला देऊ लागलो आहोत, ते त्यांच्याकडे पूर्वीपासून आहे.

शतपथ ब्राह्मणात नेहमीच्या तीन ऋणांना जोडून चौथे एक ऋण सांगितले आहे. ते मनुष्यांचे; आणि ते फेडावयाचे ते माणसांना आसरा देऊन व अन्न देऊन. या चौथ्या ऋणाचा आपल्याला इतका विसर पडला आहे की तिन्हींचा उच्चार करणाऱ्या विद्वानांच्या तोंडीही ते क्वचितच येते. ग्रंथालयाचा संबंध ऋषिऋणाशी आहे हे वर आलेच. राष्ट्रीय उद्यानाचा संबंध या चौथ्याशी आहे असे मी म्हणतो. तेथील झाड न्‌ झाड राखले आणि ज्यांनी ते आजवर राहू दिले त्यांचा आसराच काढून घेतला, तर खातेवहीच्या एका पानावर जमा झाली तेवढीच दुसऱ्या पानावर नावे पडली.

उद्यानाच्या बसने आम्ही कान्हेरीस गेलो. काळ्या पाषाणात कोरलेली शंभरावर लेणी, आणि त्यांच्या भिंतींवर ज्यांनी दान दिले त्यांची नावे. आमच्या मित्रांना खरा धक्का बसला तो येथे. अमेरिकेत प्रत्येक बाकावर देणगीदाराची पाटी पाहून ते भारावले होते. येथे ती अठराशे वर्षांपूर्वीची होती, आणि त्यांतल्या कित्येकांचे गाव कल्याण! कल्याणच्या सोनाराने पाण्याची पोढी खोदवून दिली आहे, कल्याणच्या लोहाराने डोंगरावरची वाट करून दिली आहे. व्यापारी तर किती तरी. ही मंडळी कोणी राजे नव्हती. पावसाचे पाणी खडकातल्या पन्हळींतून कुंडांत उतरविण्याची त्यांची व्यवस्था आजही डोळ्यांनी पाहता येते. त्याहून नंतरचा, इ. स. ८४३ चा, शिलाहारांच्या वेळचा एक लेख तेथे आहे. कोकणावर राज्य करणाऱ्या पुल्लशक्तीच्या एका वृद्ध अमात्याने येथील भिक्षुसंघाला द्रम्मांची कायमची ठेव दिली. तिच्या व्याजातून काय काय व्हावे तेही सांगितले आहे. विहाराची डागडुजी व्हावी, भिक्षूंना वस्त्रे मिळावीत, आणि पुस्तके घेतली जावीत.

म्हणजे ज्याला आज आपण राष्ट्रीय उद्यान म्हणतो त्याच्या मध्यभागी, साडेअकराशे वर्षांपूर्वी, ग्रंथांसाठी स्वतःच्या पैशाची ठेव ठेवणारा एक म्हातारा होता. ग्रंथ राखण्यासाठी त्याने कोणाचे घर पाडले नाही. भिक्षूही त्या रानात राहिले ते स्वतःचे सर्वस्व सोडून. त्यांच्या पुस्तकांतले एकही पान तेथे उरले नाही. ती कोठे गेली, कोणास ठाऊक. देणाऱ्याने काय सोडले तेवढे मात्र दगडावर शिल्लक आहे. मुलीने त्या अक्षरांवरून बोट फिरविण्यासाठी हात पुढे केला, तोच रखवालदाराने हटकले. आणि त्याचे हटकणे योग्यच होते.

परतताना घोडबंदरच्या रस्त्यावर दिवेलागण झाली. डाव्या हाताला मनोऱ्यांच्या खिडक्या एकामागून एक उजळत होत्या, उजवीकडे डोंगराची काळी कड. याच डोंगराच्या पोटातून ठाणे व बोरिवली यांना जोडणारा जुळा बोगदा खणावयाचा आहे, त्याचे भूमिपूजन २०२४ साली झाले. वरचे रान अबाधित राहील असे सांगतात, आणि वळसा वाचेल हे तर निश्चितच. मित्र म्हणाले, “बोगदा झाला म्हणजे हे सगळे अर्ध्या वेळात होईल.” मी त्यांना सुचविले की रानाच्या दृश्यासाठी म्हणून आपण घराच्या किंमतीत जी भर घालतो, तिचा एक लहानसा हिस्सा दरसाल पाड्यांवरच्या शाळेसाठी, दिव्यासाठी, दवाखान्यासाठी कायद्याने वसूल केला तर कसे? त्यांचे घर डोंबिवलीस आहे, त्याला रानाचे दृश्य नाही, म्हणून त्यांनी कल्पना तत्काळ मान्य केली. ठाण्यातल्या माझ्या खिडकीतून येऊरची एक टेकडी दिसते, हे त्यांना ठाऊक होते. “मग पहिला हप्ता तुमचा,” ते म्हणाले, आणि आम्ही किती असावा याचा आकडा ठरवू लागलो.